काचेची टोपी

मुलांनो, उजवा हात पुढे करा, तळवा वर. समजा, त्यावर कुणीतरी एक विमान ठेवलं. राखाडी प्लॅस्टिकचं, छोटंसं. शेपूट मनगटावर टेकली तर नाक बोटांच्या थोडं पुढे जाईल. वजन म्हणाल तर एखाद्या लिंबाचं. आता ते डोळ्यांजवळ न्या. नाकाच्या मागे अंगठ्याच्या पेराएवढा एक पारदर्शक घुमट आहे. घुमटाच्या आत खुर्ची. खुर्चीत कुणी आहे का? नीट बघा, घाई नाही. नाही ना कुणी? बरं. एवढं ध्यानात ठेवा. हात खाली केलात तरी चालेल.

मेट्रो नुकतीच फरीदाबादपर्यंत आली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका सेक्टरात, समोर सातविणीचं झाड असलेल्या घरात, नीला नावाची अकरा वर्षांची मुलगी राहायची. तिचे आजोबा दीनानाथ ट्रॅक्टरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राचा एकेक भाग मोजायचा आणि कागदावर त्याची तंतोतंत आकृती काढायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं स्टीलचं कॅलिपर सदऱ्याच्या खिशातून काही निघालं नव्हतं. पानात जाड पोळी पडली आणि आजोबांनी नुसती भुवई उचलली, की आजी म्हणायची, "काढा तुमचं ते माप आणि सांगा एकदाचं किती जाड झाली ते." आणि आजोबा खरंच काढायचे.

मोजता येतं ते खरं, बाकीचं ऐकीव, असा त्यांचा साधा हिशेब होता.

तसं घर हसतं-खेळतं. फक्त दिवाळीचा शेवटचा दिवस जवळ आला की सगळे हळू आवाजात बोलू लागायचे. त्याचं कारण आजी.

आजीला, म्हणजे सुहासिनीबाईंना, एकच भाऊ. गुणवंत. हवाई दलात वैमानिक होता. नॅट नावाचं लहानसं, चपळ लढाऊ विमान तो चालवायचा. एकाहत्तरच्या युद्धात एका दुपारी तो उडाला आणि परत उतरला नाही. विमान सापडलं नाही, तोही नाही. तारेत एवढंच होतं, की बेपत्ता. आजोबांनी मेहुण्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचं लग्न त्यानंतरचं.

युद्धाआधीच्या भाऊबीजेला गुणवंत रजेवर घरी आला होता. ओवाळून घेताना डोकं उघडं ठेवायचं नसतं, टोपी नाहीतर निदान रुमाल तरी हवा. हा पठ्ठ्या नेहमी विसरायचा. पाटावर बसायचा, बोटाच्या नखानं पाटावर दोनदा टकटक करायचा, म्हणजे 'चला, मी तयार', आणि मग आई काळी टोपी घेऊन मागून धावत यायची. टकटक करायची सवय त्याला विमानामुळे लागली होती. काटा अडकला नाही ना, हे बघायला वैमानिक समोरच्या घड्याळांसारख्या मापकांच्या काचेवर बोट वाजवतात. हा घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरही वाजवायचा, पाण्याच्या पेल्यावरही. जाताना बहिणीला म्हणाला होता, "पुढच्या खेपेला टोपी विसरणार नाही, बघ."

तेव्हापासून दर भाऊबीजेला आजी पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, तबक भरायची आणि वाट बघायची. ओवाळल्याशिवाय जेवायचं नाही, आणि ओवाळायचं तर समोर भाऊ हवा. त्यामुळे ती तशीच उपाशी झोपायची. तरुणपणी हे निभलं. आता तिला साखरेचा आजार होता. आदल्या वर्षी रांगोळीपाशीच ती चक्कर येऊन पडली होती आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

म्हणून त्या वर्षी, दसरा होताच, नीलाच्या बाबांनी विषय काढला. श्यामकांत केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. घरीही फाईल पुढे ठेवल्यासारखं बोलायचे.

"आई, बी प्रॅक्टिकल. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात आणि जेवतात. तूही तेच कर."

"ज्यांना नसतो त्या," आजी म्हणाली. "मला आहे."

तेव्हा नीला म्हणाली, "अच्छा, आजी, आणि पाटावर मामाआजोबांचं विमान ठेवलं तर? मॉडेल. मी आणि आजोबा बनवू. मग ओवाळशील?"

आजीनं हातातली वात वळून पुरी केली.

"त्याचं असेल तर," ती म्हणाली. "कुठलंतरी विमान नको. त्याचंच हवं. मी बघून सांगीन."

"आणि मग जेवशील?"

"जेवीन."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस-बिमिस मला कळत नाही. शब्द दिला."

नीलानं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खिशातलं कॅलिपर चाचपलं.

गुणवंतच्या विमानाचा एकच फोटो घरात होता. काळा-पांढरा, कडा दुमडलेला. विमानाच्या नाकावर हात ठेवून एक हसरा तरुण उभा. "हे मामाआजोबा?" नीला दर वेळी म्हणायची. "हे तर आमच्या पीटीच्या सरांपेक्षा लहान आहेत, यार!" आणि आजी दर वेळी म्हणायची, "यार कुणाला म्हणतेस गं?"

आजोबा आणि नीला मेट्रोनं करोल बागेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीपलीकडे छंदाच्या वस्तूंचं एक दुकान होतं. दुकानदारानं शिडीवर चढून धुळीचा डबा काढला. आत नॅट विमानाचे सुटे भाग, प्लॅस्टिकच्या चौकटीत जोडलेले. एकेक तोडायचा, घासायचा, चिकटवायचा.

नीलानं चौकट उलटीपालटी केली. "आजोबा, यात दोन सीट्स आहेत!"

"भैया, ये तो ट्रेनर है," आजोबा दुकानदाराला म्हणाले. "ट्रेनिंगवाला. फायटर में एक ही आदमी बैठता है."

"बाबूजी, जहाज़ तो जहाज़ होता है. एक सीट फ्री समझ लो."

नीला हसत सुटली. तरी तो डबा त्यांनी घेतला, कारण त्यातलं काम सुबक होतं. दुसरा डबा बाबांच्या ऑफिसातल्या एकानं परदेशातून येताना आणला. तो एका आसनाच्या लढाऊ विमानाचाच होता, पण कुठल्याशा लहान कंपनीचा, ओबडधोबड.

दोन्ही डबे जेवणाच्या टेबलावर उघडले गेले, शेजारी शेजारी.

"तुलना करताना काय आवडलं ते शेवटी सांगायचं," आजोबा म्हणाले. "आधी माप, मग मत. खऱ्या विमानाची लांबी पुस्तकात आहे. मॉडेल अठ्ठेचाळीसपट लहान आहे. कर भागाकार."

नीलानं केला. मग त्यांनी कॅलिपर लावलं. पहिल्या डब्यातलं विमान लांब निघालं. दुसरी खुर्ची मावावी म्हणून त्याचं अंग ताणलेलं होतं. पण त्याच्यावरच्या पत्र्यांच्या जोडरेषा केसासारख्या बारीक, खाली कोरलेल्या. दुसऱ्याच्या रेषा शेवयांसारख्या वर आलेल्या. पण लांबी बरोबर, पंखांचा उतार बरोबर.

"आणि चाकं बघा," नीला म्हणाली. "उडदाचे वडे!"

"मग काय करायचं?"

तिनं विचार केला. "अंग या दुसऱ्याचं. चाकं, खुर्ची आणि आतलं सगळं पहिल्याचं."

"शाब्बास. आणि लगेच चिकटवायचं नाही. आधी कोरडं जोडून बघायचं. गोंद शेवटी. एकदा गोंद लागला की भांडण मिटत नाही."

वैमानिकांच्या बाहुल्याही आल्या होत्या. पहिल्या डब्यात दोन, गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या. दुसऱ्यात एक, धडधाकट, पण चेहऱ्याच्या जागी सपाट. नीलानं तिघांना बशीत ठेवून आजीपुढे नेलं. आजीनं एकेकाला चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"हा नाही. हा नाही. याला तर नाकडोळेही नाहीत बिचाऱ्याला."

"आजी, पण प्लॅस्टिकचेच असतात ते."

"असू देत. दादाच्या जागेवर परका माणूस बसवू नका. रिकामी ठेवा. ज्याची आहे तो बसेल."

तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोटोत हवा आत घेणाऱ्या तोंडाजवळ एक चौकोनी तुकडा जडवलेला दिसत होता, जरा तिरपा. तो कुठल्याच डब्यात नव्हता. "ते ठिगळ आहे," आजीनं सांगितलं.

"ठिगळ म्हणजे?"

"घ्या! दिल्लीची पोरं. फाटलेल्या कपड्याला तुकडा लावतात ना, ते. दादा म्हणायचा, माझ्या विमानाला ठिगळ आहे, अगदी तुझ्या परकराला होतं तसं. रंग नव्हता दिलेला त्याला, चकचकीत होतं."

नीलानं आजीच्या गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पन्नी कापून ठिगळ लावलं. तिरपं. उरलेल्या पन्नीच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि खुर्चीचे पट्टे केले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, चारही मधोमध एकावर एक बांधल्यासारखे. आजोबांनी भिंगातून पाहिलं. एवढं नेटकं काम त्यांच्या कारखान्यातही क्वचित झालं असतं. प्रत्येक पट्टा गोंदानं पक्का बसला होता.

मग राहिली कॅनॉपी. खुर्चीवरचा तो पारदर्शक घुमट. नीला तिला 'काचेची टोपी' म्हणायची.

"हिला पांढरा गोंदच लावायचा," आजोबांनी बजावलं. "चुकलं तर पात्याच्या टोकानं उघडता येतं. झटपट चिकटणारा गोंद काचेजवळ आणायचाच नाही. सगळे नवशिके हीच चूक करतात. त्याची वाफ आतून काचेवर बसते, पांढरी. आणि ते पांढरं मग जन्मात जात नाही."

नीलानं पांढरा गोंद टाचणीच्या टोकानं कडेकडेनं लावला. टोपी बसवली. बोटानं हलकेच दाबून शंभर आकडे मोजले.

हे झालं लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. विमान बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं.

पाडव्याच्या सकाळी बाहेर काही दिसत नव्हतं. रात्रभराच्या फटाक्यांचा धूर सेक्टरावर बसला होता, त्यात सातविणीचा उग्र गोड वास. आजोबा चहाचा कप घेऊन फळीपाशी गेले आणि थांबले.

काचेची टोपी आतून पांढरी झाली होती.

त्यांना वाईट वाटलं. राग कमी आला, वाईट जास्त वाटलं. उद्या भाऊबीज. त्यांनी नीलाला बोलावलं.

"झटपट गोंद लावलास?"

"नाही."

"नीला, घाई झाली असेल. सांग. मी रागावणार नाही."

"मी पांढराच लावला. तुमच्यासमोर लावला ना!" तिचे डोळे भरून आले. "मी खोटं बोलत नाही, आजोबा."

"मग हे काय आहे?"

ती आत निघून गेली, आणि दार जरा जोरात लागलं.

दुपारी आजोबा पुन्हा फळीपाशी गेले. मनात विचार होता, टोपी काढावी, पहिल्या डब्यातली बसते का बघावं. त्यांनी विमान हातात घेतलं.

टोपी स्वच्छ होती. नितळ. आतली खुर्ची, चंदेरी पट्टे, सगळं लख्ख दिसत होतं.

त्यांच्या माहितीप्रमाणे हे होत नाही. गोंदाचं पांढरं जात नाही. मग ते गोंदाचं नव्हतंच. ते नीलाच्या खोलीत गेले, तिच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं, बाळा. तू खरं बोलत होतीस."

"मग काय होतं ते?" तिनं विचारलं.

"दमट हवा असेल. आत अडकली असेल."

हे बोलताना त्यांचं स्वतःचं समाधान झालं नाही. दिल्लीकडची कार्तिकातली हवा दमट नसते.

संध्याकाळी त्यांनी विमान टेबलावर घेतलं, दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि वाट बघत बसले. पंधरावीस मिनिटं काही झालं नाही. मग टोपीच्या आत, पुढच्या बाजूला, मोहरीएवढा धूसर ठिपका उमटला. मोठा झाला. आटला. पुन्हा मोठा झाला.

वाफ सगळ्या काचेवर नव्हती. एकाच जागी होती.

त्यांनी कॅलिपर काढलं. खुर्चीच्या बैठकीपासून त्या ठिपक्यापर्यंतची उंची बाहेरून घेतली. अठ्ठेचाळीसनं गुणलं. पुन्हा मोजलं, पुन्हा गुणलं. मग स्वतः खुर्चीत ताठ बसले आणि टेप धरून बैठकीपासून आपल्या ओठांपर्यंतची उंची मोजली.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

आजोबांनी टेप गुंडाळला, दिवा बंद केला आणि विमान फळीवर ठेवून दिलं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय?

ते वळले तेवढ्यात मागून आवाज आला. टक. टक. नखानं काचेवर वाजवावं तसा, अगदी बारीक. प्लॅस्टिक गारठलं की आकसतं, त्याचा आवाज होतो. हे मात्र मोजून सिद्ध झालेलं होतं. ते स्वतःला तेच सांगत होते, तोच आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे.

"कोण वाजवतंय?" तिनं विचारलं.

"प्लॅस्टिक आहे ते. आकसतंय."

आजीनं फळीकडे पाहिलं. घाबरली नाही. हात पुसले, कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासातून माहेरची ती काळी टोपी काढून खुंटीवर अडकवली. ती दर वर्षी अशी काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवायची. पण या वेळी तिनं टोपी आधी खिडकीबाहेर धरून झटकली. कुणाला घालायला द्यायच्या आधी झटकावी तशी.

भाऊबीज उजाडली. आजीनं सकाळपासून काही घेतलं नव्हतं, गोळीही नाही. दुपारी तिचे हात थरथरायला लागले. नीलाची आई अलका दोनदा दुधाचा पेला घेऊन गेली आणि दोनदा तसाच घेऊन आली. "दिवे लागले की ओवाळीन आणि जेवीन. शब्द दिलाय," एवढंच आजी म्हणाली. श्यामकांतांनी डॉक्टरांचा नंबर फोनवर काढून ठेवला.

दिवेलागणीला पाट मांडला. शिसवी, जुना, माहेरचा. भोवती रांगोळी. पाटावर नीलानं विमान ठेवलं. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून बाबांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. खोली एकदम शांत झाली.

आजी पाटासमोर आली. विमान उचललं. डोळ्यांजवळ नेलं. नाक, पंख, शेपूट. मग अंगठा त्या ठिगळावरून फिरवला आणि तिथेच राहिला.

नीलानं श्वास धरला होता. आजोबांनीही.

"त्याचंच आहे," आजी म्हणाली.

अलकानं सुस्कारा सोडला. श्यामकांतांनी फोन खिशात टाकला. नीलानं आजोबांचा हात घट्ट दाबला. सगळं बरोबर झालं होतं. आता ओवाळणं, आणि मग पानं मांडायची.

आजीनं विमान पाटावर ठेवलं. नाकाला कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. सुपारी आणि अंगठी फिरवली. मग तबक उचललं. निरांजनाची ज्योत काचेच्या टोपीत उतरली, डावीकडून उजवीकडे गेली, परत आली.

टोपी पांढरी होऊ लागली.

सगळ्यांना दिसत होतं. पुढून मागे, भराभर, थांबत थांबत. धावून आलेला माणूस धापा टाकतो तसं. आतली खुर्ची दिसेनाशी झाली.

आजीचं तबक थांबलं.

मग त्या पांढऱ्यावर, आतून, एक रेघ उमटली. आडवी, स्वच्छ. तिच्या खाली दुसरी. कुणीतरी आत बसून हाताच्या बाजूनं काच पुसत होतं.

"आजोबा," नीला म्हणाली, "ते उघडत नाहीये. मी चिकटवलंय ना. आतून उघडणार कसं?"

आजोबांना 'थांब' म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपले हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

नीलानं टेबलावरचं पातं घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि टोक टोपीच्या कडेखाली सरकवलं. पांढरा गोंद सुटला. तिनं टोपी वर उचलली.

आत वाफ नव्हती. कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती.

पट्टे सुटलेले होते.

चारही. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, घडी मोडून बाहेरच्या बाजूला टाकलेले. फाटलेले नव्हते. सोडलेले होते.

बंद खोलीत रॉकेलसारखा वास आला. विमानतळावर येतो तसा. सातविणीचा वास त्याखाली बुडून गेला.

कुणी हललं नाही. आजोबांची नजर खुर्चीवरून हटेना. गोंद त्यांनी स्वतः तपासला होता. भिंगातून. एकेक पट्टा.

नीलानं विमान पाटावरून उचलून बाजूला जमिनीवर ठेवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पाटावर सांडलेल्या अक्षता तिनं तळव्यानं पुसल्या. पाट मोकळा झाला.

पाटाच्या लाकडावर दोनदा टकटक झालं.

हा आवाज बारीक नव्हता.

आजीनं तबक छातीशी धरलं. ती रडत नव्हती. पाटाच्या वर, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल तिथे, ती बघत होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. लहान बहिणीच्या कपाळाला पडते तशी.

"विसरलासच ना परत," ती म्हणाली.

नीला उठली. खुंटीपाशी गेली. चवड्यांवर उंच होऊन काळी टोपी काढली. परत येताना ती सरळ आली नाही. पाटाला वळसा घालून, मधल्या जागेला धक्का लागू न देता, मागच्या बाजूनं आली. मग तिनं दोन्ही हातांनी टोपी पाटाच्या वर धरली, जरा खाली आणली, आजीच्या डोळ्यांकडे बघत आणखी जरा खाली आणली, थांबली, आणि बोटं सोडली.